अंशूची दुपार

नागपूर

ती. आई-बाबा,
सा. न.

पोळ्याला तुम्ही येताय आणि पुढे महिनाभर राहताय, हे ठरल्यापासून अंशू खुशीत आहे. त्या महिन्यात यांची ड्यूटी बाहेरगावी आणि माझं ऑफिस सहापर्यंत, म्हणजे शाळेतून आल्यानंतरचा अंशू तुमच्याच ताब्यात. फोनवर हे बोलता येत नाही. तो आजूबाजूलाच असतो, आणि खेळत असला तरी कान आपल्याकडेच असतात. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

बाबा, तुम्ही विचारलंत की अंशूची एडीएचडीवरची, म्हणजे लक्ष टिकत नाही त्यावरची, गोळी लागू पडली आहे तर आता क्लास वाढवायचे सोडून कमी का केले? आणि बुद्धिबळ का थांबवलं? आपल्या नागपूरची दिव्या देशमुख 2025 मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकली तेव्हा तुम्ही अंशूला रात्री फोन करून प्रत्येक डाव समजावून सांगितला होतात, त्यामुळे तुम्हाला किती वाईट वाटलं असेल ते कळतं मला. पण बुद्धिबळ सोडलेलं नाही, फक्त वेळ बदलली आहे. त्यामागे गोळीचं घड्याळ आहे.

सकाळी सातला तो गोळी घेतो. ती हळूहळू सुटणाऱ्या प्रकारातली आहे, असर साधारण आठ तास राहतो. म्हणजे शाळा त्यात पूर्ण बसते, आणि तीनच्या सुमारास औषध उतरायला लागतं. आपल्या जुन्या वेळापत्रकात साडेचारला अबॅकस आणि साडेपाचला बुद्धिबळ होतं. सगळ्यात जास्त डोकं लागणारं काम नेमकं औषध उतरल्यावर! आता बुद्धिबळाची रविवार सकाळची बॅच घेतली आहे. मागच्या रविवारी त्याने पहिल्यांदाच अख्ख्या डावाच्या चाली कागदावर लिहिल्या. ओळीत, एकही घर न चुकवता, शेवटी दोघांच्या सह्या. तो कागद तुमच्यासाठी जपून ठेवायला सांगितला आहे त्याने.

अबॅकस मात्र बंदच केलं, आणि त्याबद्दल मला जराही रुखरुख नाही. तिथे तो रोज रडत जायचा.

आता चार वाजताचं सांगते, कारण तुम्हाला सगळ्यात जास्त जड तेच जाईल. औषध उतरताना काही मुलं एकदम चिडचिडी, रडवेली होतात. डॉक्टरांनी हे आधीच सांगितलं होतं, तरी पहिल्यांदा बघताना पोटात कालवलं. परवा मोज्याची शिवण बोटाला टोचते म्हणून तो स्वयंपाकघराच्या दारात बसून हुंदके देत होता. मोजा काढला तरी रडणं थांबेना, मग मोजा परत घातला म्हणून रडला. अशा वेळी समजावायचं नाही, रागवायचं नाही, "एवढंसं तर झालंय" असंही म्हणायचं नाही. जवळ बसायचं, थंड पाणी द्यायचं, टीव्ही बंद ठेवायचा. अर्ध्या-पाऊण तासात तो आपोआप निवळतो आणि स्वतःच येऊन बिलगतो. साडेतीन ते पाच ही वेळ म्हणूनच रिकामी ठेवली आहे. ना क्लास, ना पाहुणे, ना बाजार. खाली सतरंजीवर लोळेल, ठोकळे मांडेल, नाहीतर नुसता पंख्याकडे बघत पडेल. त्याला "रिकामा बसलास का?" असं विचारू नका. सहा तास वर्गात नीट बसून आलेलं लेकरू आहे ते.

आई, तुझा जीव खाण्यापिण्यावर अडकणार, म्हणून आधीच सांगते. डबा बराचसा भरलेला परत येईल. या गोळीने दुपारची भूक मरते. त्यात तुझ्या हाताची चव कमी पडली असं मनात आणू नकोस. सकाळी गोळीच्या आधी त्याला पोटभर खाऊ घाल: तूप लावून पोळी, अंडं, नाहीतर शेंगदाणे घालून पोहे. दुपारी आल्यावर ताकाचा पेला पुरे. खरी भूक पाचनंतर लागते, तेव्हा मात्र बिस्किटावर भागवू नकोस, सरळ वरण-भात-भाजी वाढ. आठला परत जेवेल. तू केलेल्या सांबारवड्या असतील तर विचारायलाच नको. दर भेटीत डॉक्टर वजन आणि उंची लिहून ठेवतात, त्यामुळे घास मोजत बसायची गरज नाही.

गृहपाठ दुपारी आल्या आल्या, औषधाचा असर आहे तोवर. पंधरा मिनिटं झाली की उठू द्या, मग पुन्हा पंधरा मिनिटं. राहिलं तर राहू द्या, बाईंशी माझं बोलणं झालं आहे.

संध्याकाळी सहा ते सात खो-खो, घराजवळच्याच मैदानावर. क्रिकेटच्या कोचिंगला तो सीमारेषेजवळ उभा राहून गवत उपटत बसायचा आणि चेंडू बाजूने निघून जायचा, मग सगळी पोरं ओरडायची. खो-खोत पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ जण बसलेले आणि एक धावणारा, आपल्याला कधी खो मिळेल याचा नेम नाही, त्यामुळे लक्ष ठेवावंच लागतं. शिवाय त्या तासाभरात अंगातली सगळी रग निघते आणि रात्री झोप लागते. या औषधाने काहींना झोप उशिरा लागते, म्हणून हा खेळ मला कुठल्याही क्लासपेक्षा महत्त्वाचा वाटतो. पाऊस असला तर घरातच दोरीउड्या, नाहीतर जिन्यावर शर्यत. सरांना मी इतकंच सांगितलं आहे की एका वेळी एकच सूचना द्या, आणि त्याला धडधड झाली, चक्कर आली किंवा छातीत दुखलं तर लगेच बसवा आणि मला फोन करा. गोळी सुरू करण्याआधी नाडी, रक्तदाब तपासला होता. घराण्यात कोणाला हृदयविकार आहे का हे मी तुम्हाला विचारलं होतं, ते याचसाठी.

सवय लागेल का, ही आईची भीती. डॉक्टरांनी ठरवलेल्या डोसमध्ये, त्यांच्या देखरेखीखाली मुलांना याचं व्यसन लागत नाही. सरकारचे नियम कडक आहेत ते या औषधाचा कोणी गैरवापर करू नये म्हणून. चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक दुकानदार ठेवून घेतो. आणि बाबा, तुम्ही आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलंत, तुम्हाला हे वाचून बरं वाटेल: अंशूच्या गोळीतलं औषध, मिथाइलफेनिडेट, काल-परवाचं नाही. 1944 मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत लिआंद्रो पानित्सोन या रसायनशास्त्रज्ञाने ते पहिल्यांदा तयार केलं. त्याच्याही आधी, 1937 मध्ये, अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टरांनी दुसऱ्या एका उत्तेजक औषधाने मुलांचं शाळेतलं काम सुधारल्याचं नोंदवलं होतं. मेंदूत डोपामाइन आणि नॉरएपिनेफ्रिन ही लक्ष टिकवायला मदत करणारी रसायनं परत शोषली जाणं ही गोळी कमी करते, त्यामुळे ती जास्त वेळ उपलब्ध राहतात. पोराला गुंगी आणून गप्प बसवणारं हे औषध नाही. गोळी घेतलेला अंशू तोच अंशू आहे, तसाच बडबड्या. फक्त त्याचं वाक्य आता शेवटपर्यंत जातं.

एक विनंती दोघांनाही, आणि ही सगळ्यात मोठी आहे. त्याने काही सांडलं, तोडलं, आरडाओरडा केला की "आज गोळी घेतली नाहीस का?" असं कधीही म्हणू नका. शेजारच्यांसमोर तर नाहीच. दोन वेळा हे वाक्य कानावर पडलं तर त्याला वाटेल की चांगला अंशू गोळीतून येतो आणि वाईट अंशू त्याचा स्वतःचा. सांडलं तर फडकं द्या हातात, पुसेल. छान पुसतो.

तान्ह्या पोळ्याचं, म्हणजे पोरांच्या पोळ्याचं, मी खूप विचार करून ठरवलं आहे. संध्याकाळची वेळ, ढोल, गर्दी, पोरांची ढकलाढकली, त्याच्यासाठी सगळं कठीणच. पण लाकडी नंदी सजवून रांगेत उभं राहायचं त्याला फार वेड आहे, आणि ते मला त्याच्याकडून काढून घ्यायचं नाही. त्या दिवशी पाचलाच जेवू घाला, बाबा सोबत राहा, आणि तो "चला" म्हणाला की लगेच निघा. गल्लीतल्या चार-पाच घरांचा बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मिळाला तरी तो खूश असतो.

गोळ्या माझ्या कपाटात वरच्या कप्प्यात, किल्ली आईकडे देईन. गोळी अख्खी गिळायची. आई, मधात कुटून देऊ नकोस, फोडली तर सगळा डोस एकदम अंगात जातो. सकाळी विसरली तर दुपारी देऊ नका, रात्री झोप उडेल; दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी. डोस अजून ठरतोय, म्हणून डॉक्टरांनी सध्या नवीन काहीही सुरू करू नका म्हटलं आहे, म्हणजे बदल कशामुळे झाला ते कळतं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज तीनच गोष्टी लिहा: किती खाल्लं, चार वाजता कसा होता, किती वाजता झोपला. बाबांचं अक्षर सुंदर, त्यांनीच लिहावं.

रविवारी दहाला बुद्धिबळाचा क्लास. त्याला सोडायला बाबांनी जावं, आणि जमलं तर तास संपेपर्यंत मागच्या बाकावर बसावं. तुम्ही बघायला येणार हे त्याने सरांना सांगूनही ठेवलं आहे.

तुमची,
बेबी