काजूवरचे हुमले जाळू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या शेतीच्या पानावर काजूच्या फवारणीचं वेळापत्रक आलं होतं, कुठल्या महिन्यात काय मारायचं ते सगळं होतं, पण झाड स्वतः काय करतं याची एक ओळ नव्हती म्हणून लिहितोय. आमच्या वेंगुर्ला भागात आता पालवी फुटतेय आणि पालवी आली की ढेकण्या हा रस पिणारा किडा आलाच. कोवळ्या दांड्यात सोंड खुपसून रस पितो, तिथून चीक गळतो, डाग काळा पडतो, आणि मोहोरावर बसला तर मोहोर करपल्यासारखा वाळून जातो. नुकसान मोठं असतं, त्याबद्दल वाद नाही.

पण त्याच पालवीजवळ सकाळी जरा थांबून बघा. कोवळ्या पानांवर, मोहोराच्या दांड्यांवर बारीक गोड थेंब दिसतील. फूल उमलायच्या आधीच झाड हा रस बाहेर काढतं, तो मुंग्यांसाठी. पानं शिवून घरटं करणाऱ्या लाल मुंग्या, म्हणजे आमचे हुमले, थेंब चाटायला येतात, मग फांदीभर फिरत राहतात आणि ढेकण्याची पिल्लं सापडली की ओढून नेतात. आणि आपण काय करतो, तर काजू गोळा करताना चावतात म्हणून घरटी चूड लावून जाळतो! चावतात हे खरंय, पिठ्या ढेकूण या दुसऱ्या किडीलाही सांभाळतात हेही खरं, तरी ढेकण्याच्या मानाने हा त्रास मला कमी वाटतो.

झाडाला कीड कळते कशी? बऱ्याचदा तिच्या तोंडातल्या स्रावावरून. 1997 साली शास्त्रज्ञांनी अळीच्या तोंडातून व्होलिसिटिन नावाचा पदार्थ वेगळा काढला, नुसतं पान फाटलं तर मका एवढं मनावर घेत नाही, पण जखमेवर हा पदार्थ लागला की असा वास सोडतो की अळीत अंडी घालणारी गांधीलमाशी त्या वासावर येते. 2018 मध्ये तर मोहरीच्या कुळातल्या एका झाडात दिसलं की एक पान कुरतडलं की कॅल्शियमची लाट एक-दोन मिनिटांत दुसऱ्या पानापर्यंत जाते, आणि ते पान अळी यायच्या आधीच तयारीला लागतं. भातसुद्धा तपकिरी तुडतुडा ही रस पिणारी कीड डसल्यावर वास सोडून तिच्या अंड्यांत आपली अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाशीला बोलावतो.

आता यावर आपण युरिया ओततो, भात लुसलुशीत होतो, तुडतुडे वाढतात, मग सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक मारतो, त्यात कोळी आणि बाकीचे मित्रकीटक आधी मरतात आणि तुडतुडे पुन्हा दुपटीने येतात. इंडोनेशियाने याच अनुभवावरून 1986 मध्ये भातावरच्या 57 कीटकनाशकांवर बंदी घातली होती.

फवारणी बंद करा असं माझं म्हणणं नाही, कीड हाताबाहेर गेली तर मारायलाच लागेल. पण किती पालवीवर ढेकण्या दिसला की मारायचं आणि हुमले असलेली झाडं कशी वगळायची हे दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कीटकशास्त्रज्ञांकडून लिहून घेऊन छापा. आणि पालवी चालू आहे तोवरच छापा, मोहोर करपल्यावर त्याचा काही उपयोग नाही.

आपला,
एक काजू बागायतदार, ता. वेंगुर्ला