आधी गाडी काढा, मग फोन करा : रात्रीच्या इमर्जन्सीत अडकलेल्या कुत्र्यांसाठी मदतीचं आवाहन

नमस्कार मंडळी,

आपल्या प्राणीमित्र गटातर्फे हे लिहितोय. लांबलंय, पण घरात कुत्रं असेल तर पूर्ण वाचा, आणि नसेल तरी वाचा कारण मदत तुमच्याकडूनही लागणार आहे. आम्हाला कुत्र्यांच्या इमर्जन्सी उपचारांसाठी एक कायमचा निधी उभा करायचाय, रात्री गाडी काढू शकतील अशी माणसं हवीत, फोनवर बोलायला व्हेट (प्राण्यांचे डॉक्टर) हवेत आणि रक्तदान करू शकतील असे धडधाकट कुत्रे हवेत. हो, कुत्र्यांचंही रक्तदान असतं, त्याबद्दल पुढे सांगतो.

गरज का पडली ते आधी सांगतो. आमच्या हेल्पलाइनवर रात्री जे मेसेज येतात त्यातले बरेचसे सकाळपर्यंत थांबू शकणारे असतात. कान खाजवतोय, आज जेवला नाही, पायात काहीतरी घुसलंय वाटतं, असे. त्यांना उत्तर द्यायला काहीच अडचण नाही. जीव वर-खाली होतो तो दुसऱ्या प्रकारच्या मेसेजने. "पोट फुगलंय, सारखा उलटी काढायला बघतोय पण बाहेर काही येत नाहीये, एका जागी बसत नाहीये, काय देऊ?" आता ह्या "काय देऊ"चं उत्तर जगातला कुठलाच व्हेट फोनवर देऊ शकत नाही. पोटात गॅस भरून जठर फुगतं आणि त्याला पीळ पडतो, पीळ पडला की आतलं बाहेर येत नाही, रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत कुत्रं हातचं जातं. ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड, डॉबरमन अशा मोठ्या आणि खोल छातीच्या जातींत हे जास्त दिसतं पण इतरांना होत नाही असं नाही. त्यावर गॅसची गोळी चालत नाही, घरगुती काढा चालत नाही, पोटातली हवा काढून ऑपरेशन करून पीळ सोडवावाच लागतो, आणि तो जितक्या लवकर सुटेल तितकं कुत्रं वाचायची शक्यता जास्त. तुम्ही मेसेज टाईप करून उत्तराची वाट बघत बसता ती वीस मिनिटं त्याच्या वाट्यातून जातात.

म्हणून आमचं सगळ्यांना एकच सांगणं आहे, की काही लक्षणं अशी आहेत ज्यात आधी निघायचं आणि विचारायचं ते रस्त्यात. एकाने गाडी चालवा, दुसऱ्याने फोन करा, म्हणजे दवाखान्यातही तयारी होऊन राहते.

श्वास घ्यायला त्रास होतोय, मान लांब करून, कोपर बाहेर काढून, तोंड उघडं टाकून ओढतोय, तर निघा. झोपलेल्या निरोगी कुत्र्याचे श्वास मिनिटाला साधारण ३० च्या आत असतात, हे तो बरा असताना एकदा मोजून ठेवा, मग बिघडला की लगेच कळतं. हिरड्यांचंही तसंच. वरचा ओठ उचलून बघायची सवय ठेवा, गुलाबी असायला पाहिजेत, बोटाने दाबून सोडल्यावर दोन सेकंदांच्या आत रंग परत आला पाहिजे. हिरड्या पांढऱ्याफटक, निळसर किंवा राखाडी दिसल्या तर फोटो काढून कोणाला पाठवत बसू नका, मोबाईलच्या कॅमेऱ्यात आणि ट्यूबलाइटच्या उजेडात तो रंग नीट दिसतच नाही. (काही कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात, अशांची खालची पापणी ओढून आतला रंग बघायचा.)

गाडीची धडक बसली आणि कुत्रं उठून चालायला लागलं तरी न्यायचंच. आत रक्तस्राव होत असतो, फुप्फुसाला मार लागलेला असतो, छाती आणि पोटामधला पडदा फाटलेला असू शकतो आणि हे बाहेरून दिसत नाही. पहिले काही तास ठीक वाटलेलं कुत्रं नंतर कोसळतं.

विषबाधेबद्दल जरा सविस्तर लिहितो कारण सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो, आणि जातो तो "आत्ता तर मस्त खेळतोय" ह्या एका वाक्यामुळे. उंदीर मारायचं औषध घ्या. त्यातले बरेच प्रकार रक्त गोठण्याची क्रिया बंद पाडतात, पण शरीरात रक्त गोठवणाऱ्या घटकांचा आधीचा साठा असतो तो संपेपर्यंत काहीच दिसत नाही, दोन ते पाच दिवसांनी नाकातून, हिरड्यांतून किंवा आतल्या आत रक्त जायला लागतं. पहिल्याच दिवशी नेलं तर उलटी करवून आणि व्हिटॅमिन के देऊन सावरता येतं, रक्त जायला लागल्यावर तेच काम फार अवघड होतं. झायलिटॉल म्हणून एक गोडवा असतो, शुगर-फ्री च्युइंगमात आणि काही टूथपेस्टमध्ये, माणसाला काही होत नाही पण कुत्र्याची शुगर अर्ध्या-एक तासात धाडकन खाली येऊ शकते आणि पुढे लिव्हरही जाऊ शकतं. चॉकलेट जितकं काळं तितकं वाईट. द्राक्षं आणि बेदाणे काही कुत्र्यांची किडनी निकामी करतात आणि कोणाची करतील हे आधी सांगता येत नाही. कांदा-लसणाने तांबड्या पेशी फुटतात, तेही काही दिवसांनी कळतं. आणि आपल्या औषधांच्या डब्यातली पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, ही तर लोक प्रेमाने स्वतःच्या हाताने देतात, ताप आलाय म्हणून, लंगडतोय म्हणून. कृपा करून देऊ नका. व्हेटने सांगितल्याशिवाय माणसाची एकही गोळी नको.

खाल्लेल्या वस्तूचं पाकीट, बाटली, उरलेला तुकडा सोबत घ्या, किती वाजता खाल्लं आणि कुत्र्याचं वजन किती ते फोनवर सांगा. घरी मीठाचं पाणी पाजून उलटी करवायची पद्धत खूप ठिकाणी सांगितली जाते, तसं अजिबात करू नका, रक्तातलं सोडियम वाढून कुत्रं त्यानेच दगावू शकतं. ॲसिड, फिनाइल, रॉकेल-पेट्रोल असलं काही पोटात गेलं असेल किंवा कुत्रं गुंगीत असेल तर उलटी करवणं आणखीच धोक्याचं.

फिट आली तर तोंडात हात किंवा चमचा घालू नका, आजूबाजूचं सामान सरकवा, घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर चालली, किंवा एका दिवसात परत-परत आल्या, किंवा मध्ये शुद्धच आली नाही, तर निघा. एकच छोटी येऊन गेली आणि कुत्रं सावरलं तर व्हिडिओ काढून ठेवा आणि त्याच दिवशी व्हेटशी बोला.

नर सारखा पाय उचलतोय, जोर लावतोय आणि थेंबही येत नाहीये, ह्याला लोक बद्धकोष्ठता समजतात. खडा अडकून लघवी तुंबलेली असू शकते, सकाळपर्यंत थांबायचं नाही. ऑपरेशन न झालेली मादी माजावर येऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांत खूप पाणी प्यायला लागली, मलूल झाली, खाली घाण वास यायला लागला तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो, आणि कधीकधी बाहेर काहीच येत नाही ते जास्त धोक्याचं. पिल्लं होताना अर्धा तास जोरात कळा देऊनही पिल्लू आलं नाही तर थांबू नका. लस न झालेलं पिल्लू उलट्या करतंय आणि रक्ताची हगवण लागलीय म्हणजे पार्व्हो (पिल्लांना होणारा जीवघेणा विषाणूचा आजार) असू शकतो, त्याला सलाइन लागतं, घरी चमच्याने पाणी पाजून भागत नाही.

उष्माघात मात्र असा आहे ज्यात निघण्याआधी एक काम करायचं. धापा टाकतोय, लाळ गळतेय, झोकांड्या खातोय, तर आधी साधं गार पाणी अंगावर ओतायला सुरुवात करा, पंखा लावा आणि तसंच ओल्या अंगाने गाडीत घाला. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, त्याने उष्णता आतच कोंडते. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ सेल्सिअसच्या आसपास असतं, ४१ च्या वर गेलं की अवयव बिघडायला लागतात. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना हे फार पटकन होतं.

आता ऑनलाइन सल्ला वाईट आहे असं आम्ही म्हणत नाही, उलट चांगला व्हेट व्हिडिओ कॉलवर मिळाला तर खूप कामं होतात. एकदाच उलटी झालीय पण कुत्रं खेळतंय, पाणी पितंय. हलकी खाज. गोचीड, जंताचं औषध, लसीचं वेळापत्रक. खाणं बदलायचंय. टाके भरताहेत का ते दाखवायचंय. जुन्या सांधेदुखीचा किंवा थायरॉइडचा फॉलोअप. भुंकणं, एकटं राहिल्यावर घर कुरतडणं, ह्या वागण्याच्या गोष्टी तर घरच्या घरी व्हिडिओवर जास्त चांगल्या कळतात कारण दवाखान्यात कुत्रं वेगळंच वागतं. खोकला, लंगडणं, नाकाने उलटे घोरल्यासारखे झटके, ह्यांचा व्हिडिओ म्हणजे अर्धं निदान. पण स्क्रीनवरून पोट चाचपता येत नाही, छाती ऐकता येत नाही, आणि लाल झालेला, मिटलेला डोळा फोटोवरून कोणालाच नीट कळत नाही. घरातले जुने ड्रॉप्स टाकलेत आणि त्यात स्टेरॉइड असलं तर बुबुळावरची जखम आणखी चिघळते, म्हणून डोळा त्याच दिवशी दाखवा. आणि कळतच नसेल की हे थांबण्यासारखं आहे का, तर तेवढं एक विचारायला फोन जरूर करा, वय, वजन, कधीपासून, शेवटची लघवी कधी, हिरड्यांचा रंग काय, हे हाताशी ठेवून.

हे सगळं माहीत असूनही लोक थांबतात, आणि ती निष्काळजी माणसं नसतात. बिल किती होईल ह्याची भीती असते, गाडी नसते, चाळीस किलोचं कुत्रं जिन्यावरून खाली आणायला दुसरा माणूस नसतो, रात्री कुठला दवाखाना उघडा आहे हे माहीत नसतं. त्यांना नुसतं "लगेच न्या" सांगून आमचं समाधान होत नाही.

तर मागणं असं. निधीला जमेल तेवढं द्या, रक्कम छोटी म्हणून लाजू नका. पैसे फक्त गटाच्या खात्यात जमा करा आणि पावती घ्या, कोणीही गटाचं नाव सांगून रोख मागितली तर देऊ नका. निधीतून पैसे कोणाच्या हातात जाणार नाहीत, थेट दवाखान्याचं बिल भरलं जाईल, रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठीही आणि ज्यांना त्या रात्री पैसे उभे करता येत नाहीत अशा घरच्या कुत्र्यांसाठीही. ज्यांना नंतर परत करता येतील ते करतील, नाही जमले तर कोणी मागे लागणार नाही. हिशोब दर महिन्याला सगळ्यांसमोर मांडू.

व्हेट मंडळींना विनंती, महिन्यातल्या एक-दोन रात्री फोनवर राहाल का? तुमचा वेळ फुकट मागत नाहीये, मानधन निधीतून देऊ.

रक्तदानाचं असं, की विषबाधा, अपघात किंवा गोचिडांच्या तापाने रक्त एकदम कमी झालं तर दुसऱ्या कुत्र्याचंच रक्त लागतं आणि ऐनवेळी दाता शोधण्यात रात्र जाते. साधारण एक ते आठ वर्षांचं, २५ किलोच्या वरचं, लसी पूर्ण असलेलं, स्वभावाने शांत, कुठलं औषध चालू नसलेलं आणि स्वतः कधी रक्त न घेतलेलं कुत्रं चालतं. आधी व्हेट तपासतात, रक्तगट बघतात, मगच घेतात. नाव नोंदवताना वय, वजन आणि शेवटच्या लसीची तारीख लिहा.

गाडीवाल्यांना आम्ही एक दिवस शिकवून घेणार आहोत, चादरीचं स्ट्रेचर कसं करायचं, दुखावलेल्या कुत्र्याला कसं उचलायचं (आपलं स्वतःचं कुत्रंही वेदनेत चावतं, पण उलट्या होणाऱ्या किंवा श्वास लागलेल्या कुत्र्याचं तोंड बांधायचं नसतं), आणि चावलंच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुऊन लगेच डॉक्टरकडे जायचं. गाडी खराब होईल अशी शंका असेल तर प्लॅस्टिकच्या शीट आम्ही देऊ. आठवड्यातली कुठली रात्र जमेल तेवढं कळवा, एक जमली तरी चालेल, आणि गाडी नसेल पण कुत्रं उचलायला खाली येऊ शकत असाल तर तसं लिहा, त्यांची वेगळी यादी करतोय.