वॉटरमनच्या हातात आधी कुलूप द्या

मा. संपादक,
सा. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या ग्रामपंचायती टाक्या धुऊन घेतात, टीसीएल (ब्लीचिंग) पावडर भरून ठेवतात. पंपघरातल्या पॅनेलची आठवण सहसा मोटर जळाल्यावरच होते. आणि ते पॅनेल ज्याच्या भरवशावर चालते त्या वॉटरमनला व्हॉल्व्ह फिरवण्यापलीकडे काही शिकवलेले नसते. २०१९ पासून जलजीवन मिशनच्या कामांत नळ आले, मीटर आले; पंप चालवणाऱ्याला विजेचे प्राथमिक प्रशिक्षण देण्याची मागणी मात्र ग्रामसभेतही कुणी करत नाही. शहरांतल्या जलशुद्धीकरण आणि मैलापाणी केंद्रांवरच्या कंत्राटी ऑपरेटरांचेही तेच.

दोन दिवसांचे प्रशिक्षण पुरे होईल. त्यातला निम्मा वेळ एकाच गोष्टीला द्यावा: ‘बंद’ म्हणजे नेमके काय. स्टार्टरचे लाल बटण दाबले की मोटर थांबते, पण कॉन्टॅक्टरच्या, म्हणजे मोटरची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचच्या, वरच्या टर्मिनलवर ४१५ व्होल्ट तसेच असतात. त्यात आपल्याकडे स्टार्टरला ‘ऑटो’ जोडलेला असतो. लाईट गेली म्हणून माणूस केबल सोडायला बसतो आणि लाईट आली की ऑटो त्याला न विचारता मोटर उठवतो. टाकीवरच्या, पाण्याच्या पातळीवर चालणाऱ्या फ्लोट स्विचची वायर कधी दुसऱ्याच लाईनवरून आणलेली असते. मेन पाडला तरी ती जिवंत राहते.

म्हणून क्रम असा हवा. ऑटो बंद करायचा, मेन स्विच खाली ओढायचा, तिन्ही फ्यूजचे किटकॅट काढून स्वतःजवळ ठेवायचे, हँडलला कुलूप घालायचे आणि किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात. सरपंचांकडे नाही, पंपघराच्या खिळ्यावर तर नाहीच. ‘माणूस कामावर आहे’ अशी पाटी अडकवायची. मग तपासायचे. खिशातल्या निऑन टेस्टरवर विसंबू नये: कोरड्या फळीवर उभे असताना किंवा भर उन्हात त्याचा उजेड दिसत नाही, आणि न पेटलेला टेस्टर बिघडलेलाही असू शकतो. सारख्या वॅटचे दोन बल्ब सिरीजमध्ये जोडलेला टेस्ट लॅम्प घ्यावा. दोन फेजमध्ये एकच बल्ब लावला तर तो फुटतो. लॅम्प आधी जिवंत लाईनवर पेटवून बघायचा, मग बंद केलेल्या तारांवर, फेज-फेज आणि फेज-अर्थ दोन्ही, आणि शेवटी पुन्हा जिवंत लाईनवर. हे तिसरे बघणे हमखास गाळले जाते. पॅनेलमध्ये कपॅसिटर असेल तर तो मेन पाडल्यावरही भरलेला असतो. व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारे उपकरण) असेल तर आत सुमारे ५८० व्होल्ट डीसी साठलेले असतात. त्यावर लिहिलेली मिनिटे थांबल्याशिवाय झाकण उघडू नये.

दुसरा मोठा विषय अर्थिंगचा. ‘अर्थिंग आहे’ एवढ्यावर कागदोपत्री समाधान होते. हिशेब करून बघा. अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध ५ ओहम, ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलचा आणखी ५. मोटरच्या बॉडीला फेज लागला तर २३० भागिले १०, म्हणजे २३ अँपिअर वाहतात. त्याने ३२ अँपिअरचा फ्यूज जात नाही आणि बॉडीवर ११५ व्होल्ट उभे राहतात. ओल्या हाताच्या माणसाला तेवढे पुरतात. म्हणून फ्यूजच्या जोडीला अर्थ लीकेजवर तुटणारे उपकरण लागतेच: दिव्याच्या आणि हातमशिनच्या सॉकेटला ३० मिलिअँपिअरचे, मोठ्या मोटरला तिच्या केबलच्या नेहमीच्या गळतीपेक्षा वरचे. बोअरची सपाट केबल तीन कोअरची असते, चौथी अर्थची तार तिच्यात नसते. पूर्वी लोखंडी कॉलम पाईपमुळे निभावून जायचे. आता एचडीपीई (प्लास्टिकचे) पाईप उतरवतात आणि तो दुवाच तुटतो. तिथे वेगळी अर्थ वायर सोडावी लागते. खानापूरकडच्या जांभ्या जमिनीत रोध जास्त येतो, चिकोडीकडची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे अर्थिंग मोजायचे ते एप्रिल-मेमध्ये. पावसात मोजलेला आकडा फसवा.

टीसीएलची पोती पॅनेलच्या खोलीत ठेवू नयेत. क्लोरिनने तांब्याची टोके आणि अर्थ पट्टीचे बोल्ट खाल्ले जातात, जोड तापतो, मग ‘फ्यूज सारखा जातो’ म्हणून कुणी जाड तार घालतो. कॉन्टॅक्टर धरत नाही म्हणून त्यात लाकडाची काडी खोचणे हा तर आपल्याकडचा जुना आणि सगळ्यात वाईट जुगाड. काडी खोचली की जादा भार आल्यावर मोटर तोडणारा ओव्हरलोड रिले सुटूनही मोटर थांबत नाही, बंदचे बटणही निकामी होते.

कृष्णा, दूधगंगा, वेदगंगेच्या काठच्या जॅकवेलचा (नदीचे पाणी उपसणाऱ्या विहिरीचा) प्रश्न वेगळा. २०१९ च्या पुरानंतर हे पुन्हा सांगावे लागू नये: बुडालेले पॅनेल उन्हात वाळवून चालू करायचे नसते. एमसीबी, कॉन्टॅक्टर, रिले बदलावेत. पृष्ठभागावरची मोटर गोड्या पाण्याने धुऊन, सुकवून, केबल सोडून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरने) तपासावी. १ मेगओहमच्या खाली आकडा आला तर ती जोडू नये.

मैलापाण्याच्या विहिरीतला पंप केबलला धरून वर ओढू नये, साखळीने ओढावा. विहिरीत माणूस उतरवण्याचा विषयच नको. तिथे विजेच्या आधी वायू मारतो.

शॉक लागलेल्याला हात लावण्याआधी मेन पाडायचा. श्वास बंद असेल तर छातीच्या मध्यावर मिनिटाला १०० ते १२० दाब, ५ ते ६ सेंटीमीटर खोल, आणि दुसऱ्याने १०८ ला फोन. ही माहिती पंपघरात भिंतीवर हवी. सीमाभागातल्या गावांत ती कन्नडसोबत मराठीतही असावी. वाचणाऱ्याला कळावी एवढीच अपेक्षा आहे, यात राजकारण शोधू नये.

तालुका पंचायतींनी आणि नगरपालिकांनी मे महिन्यातच हेस्कॉम या वीज कंपनीच्या अनुभवी लाईनमनना बोलावून हे प्रशिक्षण घ्यावे. प्रमाणपत्र देण्याआधी प्रत्येकाला चालू पॅनेलसमोर उभे करून एकच काम सांगावे: हा पंप कामासाठी बंद करून दाखव. जो लाल बटण दाबून मागे वळेल, त्याला पुन्हा पहिल्या तासाला बसवावे.

आपला,
एक वाचक, खानापूर