छायाचित्र पूर्ण छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला आर्नो ब्रेकर या जर्मन शिल्पकारावरचा लेख वाचला. रात्रभर तो डोक्यातून गेला नाही, म्हणून सोमवारी सकाळीच हे पत्र लिहायला बसलो. लेखकाचा अभ्यास आहे, भाषाही चांगली आहे. पण ‘त्याचा राजकारणाशी संबंध नव्हता, त्याने फक्त आपली कला जोपासली’ हे वाक्य लेखात तीनदा आलं आहे आणि तिन्ही वेळा मला संताप आला.

आधी छायाचित्राचं बोलतो. तुम्ही छापलेलं छायाचित्र जून १९४० मधलं, पॅरिसचं आहे. मूळ छायाचित्रात मागे आयफेल टॉवर, मधोमध हिटलर, एका बाजूला त्याचा वास्तुरचनाकार श्पेअर आणि दुसऱ्या बाजूला लष्करी पोशाखातला ब्रेकर आहे. तुम्ही एकटा ब्रेकर ठेवलात आणि बाकीचं कापून टाकलंत. जागा नव्हती म्हणाल, तर त्याच पानावर पाव पान जाहिरात होती.

हिटलरच्या बर्लिनमधल्या नव्या चॅन्सेलरीच्या, म्हणजे सरकारी कार्यालयाच्या, अंगणात ब्रेकरचे दोन पुतळे उभे होते. मशालवाल्याचं नाव ‘पक्ष’ (म्हणजे नाझी पक्ष), तलवारवाल्याचं ‘सैन्य’. आता यात राजकारण नव्हतं कसं म्हणायचं? १९४२ साली, पॅरिस जर्मनांच्या ताब्यात असताना, तिथे त्याचं मोठं प्रदर्शन भरलं. त्याच शहरातले चौकाचौकातले ब्राँझचे पुतळे तेव्हा वितळवायला काढले जात होते आणि ब्रेकरच्या पुतळ्यांना मात्र ब्राँझ मिळत होतं. त्याच्या पुतळे बनवायच्या कारखान्यात युद्धकैदी राबत होते. युद्धानंतर त्याला ‘मागून चालणारा’, म्हणजे नाझींचा नुसता अनुयायी, ठरवून १०० मार्क दंड झाला. तो १९९१ पर्यंत जगला आणि शेवटपर्यंत त्याला कामं मिळत राहिली. ओटो फ्रॉइंडलिख हाही शिल्पकारच. १९३७ मध्ये नाझींनी त्याचं शिल्प ‘अधःपतित कला’ या प्रदर्शनाच्या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर टिंगलीसाठी छापलं आणि १९४३ मध्ये त्याला पोलंडमधल्या छळछावणीत मारलं. लेखात त्याचं नावही नाही.

दिना व्हिएर्नी या ज्यू तरुणीला ब्रेकरने गेस्टापोच्या, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांच्या, तावडीतून सोडवलं, हे लेखकाने लिहिलंय आणि ते खरं आहे. पण ज्याने शब्द टाकला की गेस्टापो माणूस सोडतात, त्याचा राजकारणाशी संबंध नाही म्हणता?

मी एवढा का चिडलो तेही सांगतो. १९७६ साली मी खटाव तालुक्यातल्या एका हायस्कुलात चित्रकला शिकवत होतो. आणीबाणी होती. आमच्या शाळेत प्रत्येक शिक्षकाने कुटुंबनियोजनाच्या दोन ‘केसेस’, म्हणजे नसबंदीसाठी दोन माणसं, आणायच्या, नाहीतर पगार थांबणार. हेडमास्तरांनी मला बोलावलं. म्हणाले, ‘तुमचा हात चांगला आहे. रस्त्याकडची भिंत रंगवून द्या, तुमच्या केसेसचं मी बघतो.’ मी हो म्हणालो. भिंतीला चुना मारून घेतला, निळीत बुडवलेल्या दोरीने रेघा मारल्या, कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण काढला आणि शेजारी हसणारं चौकोनी कुटुंब. बापाचा चेहरा कुणाचा काढायचा? शाळेचा शिपाई समोरच बसून माझ्यासाठी सरस कालवत होता. त्याचाच काढला. झुपकेदार मिशी, तिरकी टोपी, सगळं हुबेहूब उतरलं. गाव बघायला आलं. पंचायत समितीच्या साहेबांनी नारळ आणि ११ रुपये दिले.

माझ्या दोन केसेस माफ झाल्या. पण शाळेचा आकडा तर भरायचाच होता, त्यातली एक त्या शिपायावर आली. त्याला एकच मुलगी होती. तालुक्याहून गाडीने परत आला तेव्हा भिंतीपाशी थांबला आणि मला म्हणाला, ‘गुर्जी, भितीवर मला दोन पोरं दिलीसा की.’

मी काही बोललो नाही. घरी गेल्यावर मनाला समजावलं की मी फक्त चित्र काढलं. संपादक महोदय, तुमच्या लेखातलं वाक्य तेच आहे. ७७ साली सरकार पडलं, भिंतीवर चुना फिरला. पण मी त्या शाळेत होतो तोवर दर पावसाळ्यात चुना धुपला की लाल त्रिकोण पुन्हा वर यायचा. शिपाई घंटा द्यायला त्याच भिंतीवरून जायचा.

जाता जाता आणखी एक. जर्मनीतल्या शिल्पकारासाठी तुमच्याकडे पाऊण पान निघतं. आपल्या सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या संग्रहालयात हेन्री मूर या ब्रिटिश शिल्पकाराचं ‘आई आणि मूल’ हे शिल्प आहे. ते संग्रहालय उभं करणारे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते, औंध संस्थानचे राजे होते, आणि त्यांनी १९३९ मध्ये राज्यकारभार प्रजेच्या हाती दिला. सत्ता आणि कला यांवर लिहायचं तर साताऱ्याहून एसटीने जाऊन येण्याएवढ्या अंतरावर विषय आहे. इतक्या वर्षांत तुमच्या पुरवणीत त्यावर चार ओळी वाचल्याचं मला आठवत नाही.

येत्या रविवारी ते पॅरिसचं छायाचित्र न कापता, तिघांच्या नावांसकट छापावं, ही विनंती. जागा लागली तर माझं पत्र निम्मं करा.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक, सातारा