पुस्तकातल्या चिठ्ठीबद्दल, वाचनालयाच्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

‘मर्डर मोस्ट अनलेडीलाइक’ ही मुलांची रहस्यकादंबरी परत करतोय. उशीर झालाय, दंड भरूच; पण आभार आधी. एका मोठ्या दुकानात ‘एवढ्याशा मुलीला खून कशाला?’ असं ऐकवलं, आणि वर जे हातात ठेवलं त्यात गुन्हेगार शेवटच्या पानावर आभाळातून पडला. तुम्ही रॉबिन स्टीव्हन्सचं हे पुस्तक काढून दिलंत आणि उलगड्याच्या आधी चिठ्ठी घातलीत. जुन्या कार्डाच्या पाठीवर, पेन्सिलीने: ‘इथे थांब. नाव लिही. तीन पुरावे लिही. मगच पान उलट.’ खाली तीन कोऱ्या रेघा.

त्या रेघांनी पुस्तकाचं सोनं केलं. २०१४ची ही कादंबरी अगाथा ख्रिस्तीच्या वळणाची. रहस्यकथा लिहिणाऱ्या रोनाल्ड नॉक्सने १९२९ साली अशा कथांना नियमच घालून दिले होते: गुप्तहेराला सापडलेला धागा वाचकालाही दिसलाच पाहिजे. स्टीव्हन्स इमानदारीत तसंच लिहिते. साल १९३४, इंग्लंडमधली मुलींची निवासी शाळा. विज्ञानाच्या मिस बेल जिममध्ये मरून पडलेल्या, आणि त्यांना पाहणारी विद्यार्थिनी हेझल कुणाला तरी घेऊन येईपर्यंत मृतदेह गायब!

हेझलच्या वहीत संशयितांची यादी आहे: नाव, हेतू, त्या वेळी कुठे होते. ही यादी पुढे बदलत जाते, नावांवर काट बसते. पहिलीच यादी पेनाने उतरवली की मूल तिथेच अडकतं; पेन्सिलच हवी. शाळेचा नकाशाही शेजारी उघडा असावा, नाहीतर कोण कुठून कुठे गेलं याचा पत्ता लागत नाही. शाळेतल्या खास शब्दांचे अर्थ मात्र पार मागे दिलेत. ‘बनब्रेक’ शोधायला गेलेलं मूल नेमकं शेवट वाचून बसतं. ती पानं आधीच झेरॉक्स करून दिलेली बरी.

हेझलची मैत्रीण आणि तपासातली जोडीदार डेझी हुशार, पण तिची हेझलवरची दादागिरी खटकते. हाँगकाँगहून आलेल्या हेझलला शाळेत जे ऐकावं लागतं, त्यावरही घरी बोलायला हवं. खुनापेक्षा ते जास्त बोचतं.

पुस्तकं देणारे पुष्कळ भेटतात, ताई. मुलाला अक्कल आहे असं धरून चालणारे थोडे.

पुढचा भाग, ‘आर्सेनिक फॉर टी’, आमच्यासाठी राखून ठेवाल का? चिठ्ठी कुठल्या पानात घालणार, ते मात्र सांगू नका.

तुमच्या एका वाचकाचे पालक