लसीसोबत डाळ दिली तर बिघडलं कुठे?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

वस्तीतल्या लसीकरण कॅम्पमध्ये एक संस्था बाळाच्या आईला डाळ देते, अशी बातमी आपल्या पेपरात आली होती, त्यावर एका वाचकाने लिहिलंय की हे आमिष आहे, लोकांना फुकटची सवय लागते. मी मुंबईतल्या गोवंडी-मानखुर्दच्या वस्त्यांमध्ये लसीकरणाचंच काम करते त्यामुळे ते वाचून राहवलं नाही.

राजस्थानात उदयपूर जिल्ह्यात सेवा मंदिर संस्थेने हे आधीच करून बघितलंय, 134 गावांत, आणि अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो (पुढे 2019 मध्ये नोबेल मिळालं ते हेच दोघं) यांनी त्याचा नीट अभ्यास करून 2010 ला तो छापला. तिथे सरकारी उपकेंद्राला जवळपास निम्म्या वेळा कुलूप असायचं. म्हणून संस्थेने दर महिन्याला ठरलेल्या तारखेला गावातच कॅम्प लावला, नर्स खरंच आली होती का हे तारीख-वेळेच्या फोटोवरून बघायचे. काही गावांत नुसता कॅम्प, काही गावांत दर लसीला एक किलो डाळ आणि सगळे डोस पूर्ण झाले की स्टीलच्या थाळ्या. जिथे काहीच नव्हतं तिथे सगळे डोस पूर्ण झालेली मुलं 6 टक्के, नुसत्या कॅम्पच्या गावांत 18 आणि डाळवाल्या गावांत 39 टक्के!

यात मला सगळ्यात पटलेली गोष्ट वेगळीच आहे. पहिली लस घेणारी मुलं दोन्ही प्रकारच्या कॅम्पमध्ये साधारण सारखीच होती, फरक पडला तो पुढच्या डोसांना. म्हणजे या आया लसीच्या विरोधात नव्हत्याच, त्यांचं मधेच सुटत होतं.

आमच्याकडे डिट्टो हेच दिसतं. कार्ड मागितलं की आई पत्र्याखाली खोचलेली प्लास्टिकची पिशवी काढते, त्यात कार्ड अगदी जपून ठेवलेलं असतं, दीड, अडीच, साडेतीन महिन्यांचे रकाने भरलेले आणि नवव्या महिन्याचा गोवर-रुबेलाचा रकाना कोरा. का राहिला विचारलं तर म्हणते, ताई मागच्या डोसला रात्रभर ताप होता, रडत होता, दुसऱ्या दिवशी कामावर जाता आलं नाही, खाडा पडला. मग कधीतरी वेळ काढून ती लस घ्यायला जाते तर आज मुलं कमी आहेत, पुढच्या वेळी या असं सांगून परत पाठवतात, कारण गोवरची वायल (बऱ्याच मुलांचे डोस असलेली लसीची छोटी बाटली) एकदा फोडली की चार तासांत संपवावी लागते, उरलेली फेकून द्यावी लागते आणि एका पोरासाठी कोणी ती फोडायला तयार नसतं. दोनदा खाडा करून हात हलवत परत आलेल्या बाईला आपण अडाणी म्हणायचं?

2022 च्या शेवटी गोवंडीत गोवर पसरला आणि लहान लहान मुलं गेली, तेव्हा सगळे धावले, घरोघरी सर्व्हे झाले, जादा डोस दिले. तेवढी धावपळ एरवीही का होत नाही?

आणि खर्चाचं म्हणाल तर उदयपूरला डाळ देऊनही एका मुलाचे सगळे डोस पूर्ण करायचा खर्च नुसत्या कॅम्पच्या मानाने निम्म्यावर आला, कारण नर्सचा पगार, गाडी, बर्फाचा डबा हे सगळं तेच, फक्त मुलं जास्त आली. किलोभर डाळ तेव्हा चाळीसेक रुपयांची होती, एका दिवसाची पूर्ण मजुरीसुद्धा नाही. तेवढ्यासाठी कोणी मनाविरुद्ध पोराला सुई टोचून घेईल असं मला वाटत नाही, पण जिला घ्यायचीच आहे आणि जी पुढच्या आठवड्यावर ढकलतेय ती आज येते.

माझं पालिकेला आणि वस्तीत काम करणाऱ्या संस्थांना एवढंच सांगणं आहे की कॅम्पचा वार आणि जागा कायमची ठरवा, शक्य असेल तिथे संध्याकाळी ठेवा म्हणजे कामावरून आल्यावर बायका येतील, एकच मूल आलं तरी वायल फोडा, आणि डाळ द्यायचीच तर सगळ्यात जास्त नवव्या महिन्याच्या आणि दीड वर्षाच्या डोसला द्या, कारण पोरं तिथेच सुटतात.

आपली,
एक वाचक, मानखुर्द