खंडेनवमीला हत्यारे उजळताना

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

नवरात्र तोंडावर आले आहे. खंडेनवमीच्या आधी नागपुरातल्या घराघरांत माळ्यावरची जुनी हत्यारे खाली उतरतील. रंधा, पटाश्या, वाकस, करवत, कुऱ्हाड, टिकाव. आणि ज्यांच्याकडे परवाना आहे त्यांच्या कपाटातली, शिकारीच्या काळातली दुनळी बंदूक. पूजेला मांडायची तर ती स्वच्छ हवीत, ही भावना रास्त आहे. पण उजळण्याच्या या दोन दिवसांत जुन्या हत्यारांची जी हानी होते ती पुष्कळदा वर्षानुवर्षांच्या गंजानेही झालेली नसते. नळाखाली धुणे, ग्राइंडरच्या चाकाला लावणे, मुठीला सँडपेपर मारून व्हार्निश फासणे आणि ढिला दांडा बादलीत बुडवून ठेवणे, हे चार उद्योग थांबावेत म्हणून हे पत्र.

आधी गंज ओळखावा. बोट फिरवल्यावर तांबडी भुकटी लागते तो जिवंत गंज, तो काढायचाच. त्याच्या शेजारी जो काळपट, गुळगुळीत, बोटाला न लागणारा थर असतो तो काढू नये. तो पातळ आणि घट्ट असतो, तेल धरून ठेवतो आणि नव्या गंजाला अडवतो. तो खरवडून पांढरे लोखंड उघडे पाडले, की आश्विनातल्या दमट हवेत काही दिवसांतच पुन्हा तांबडे ठिपके दिसू लागतात आणि पुढच्या वर्षी आणखी घासावे लागते. साध्या गंजाला शिलाई मशीनचे तेल लावून एक रात्र ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी अगदी बारीक, चार शून्यांच्या स्टील वूलने हलक्या हाताने पुसावे. बहुतेक हत्यारांना एवढे पुरते.

गंजाचे पापुद्रे सुटत असतील तर मात्र आंबट पाणी लागते. एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवून फक्त लोखंडी भाग बुडवावा. मूठ निघत असेल तर काढून, नाही तर पाण्याबाहेर ठेवून. दर दोन-तीन तासांनी काढून ब्रशने घासावे. रात्रभराच्या वर ठेवू नये, कारण आम्लाला गंज आणि पोलाद यांतला भेद फारसा कळत नाही. धार झिजते आणि पृष्ठभाग राखाडी, खरबरीत होतो. बाहेर काढल्यावर लिटरला मोठा चमचाभर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात विसळून लगेच कोरडे करावे आणि हाताला गरम लागेपर्यंत उन्हात ठेवून तेल लावावे. यात अर्धा तास उशीर झाला तरी पिवळसर गंजाची साय धरते. स्प्रिंगा आम्लात कधीच घालू नयेत. आम्लाच्या क्रियेत सुटणारा हायड्रोजन कडक पोलादात शिरतो आणि ते ठिसूळ होते. अशी स्प्रिंग पुढे वापरात असताना अचानक तुटते.

आता ग्राइंडर. पटाशीचे किंवा रंध्याचे पाते चाकाला लावले की टोक काही सेकंदांत तापते. २२० ते २३० अंशांना पोलादावर गवती पिवळा रंग चढतो, तीनशेच्या आसपास निळा. निळा दिसला म्हणजे तिथले पाणी, म्हणजे पोलादाला दिलेला कडकपणा, उतरले. ते मागून पाण्यात बुडवून परत येत नाही; निळा भाग पूर्ण झिजवून मागे जावे लागते, नाही तर लोहाराकडून नव्याने पाणी चढवून घ्यावे लागते. दुसरा धोका कमी लोकांना ठाऊक आहे. जुन्या पात्यांत बरेचदा सगळे पाते कडक पोलादाचे नसते: मऊ लोखंडाला पोलादाची पातळ पट्टी जोडलेली असते आणि ती सपाट पाठीच्या बाजूला असते. पाठीवरचे खड्डे घालवायला पाठच चाकावर धरली तर पोलादच निघून जाते आणि उरते ते मऊ लोखंड, ज्याला धार टिकत नाही. पाठ सपाट दगडावरच घासावी, तीही धारेजवळचा इंचभर भाग आरशासारखा होईपर्यंत. वरच्या खड्ड्यांनी काहीही बिघडत नाही. समोरचा उतार २५ अंशांचा आणि टोकाला ३० अंशांचा बारीक उतार ठेवला की सागवानावर पाते नीट चालते.

ठसे पुसू नयेत, हेही इथेच सांगायला हवे. शेफील्डच्या जुन्या पटाश्यांवर इंग्रजीत ‘कास्ट स्टील’ असे कोरलेले असते. ते वाचून हे बीड (ओतीव लोखंड) आहे, म्हणजे हलके, असे समजून अशा पटाश्या किलोच्या भावाने भंगारात जातात. त्याचा अर्थ उलट आहे: मुशीत वितळवून केलेले, एकजिनसी, उत्तम पोलाद. असा ठसा दिसला तर पटाशी घरात ठेवा.

सगळ्यांत जास्त चुका दांड्याच्या होतात, आणि त्यात नागपूरच्या हवेचा मोठा हात आहे. मे महिन्यात इथली हवा इतकी कोरडी होते की लाकूड आकसते. श्रावण-भाद्रपदात तेच लाकूड फुगते. त्यामुळे खंडेनवमीला कुऱ्हाड किंवा हातोडा हलवून पाहिला तर घट्ट लागतो आणि आपण निर्धास्त होतो. तोच हातोडा एप्रिलमध्ये फणकन निसटतो. म्हणून नवरात्रात लोखंड साफ करावे, दांड्याला हात लावू नये. दांडा बसवायचा तो मे महिन्यात, लाकूड जास्तीत जास्त आकसलेले असताना.

ढिला दांडा पाण्यात भिजवणे हा उपाय नाहीच. पाण्याने लाकूड फुगते खरे, पण भोवती लोखंडाचे नेढे, म्हणजे दांडा बसतो ते छिद्र, असल्यामुळे ते बाहेर पसरू शकत नाही, त्याचे तंतू आतल्या आत चेंगरतात. वाळल्यावर ते आधीपेक्षाही बारीक होते. दोन-तीनदा भिजवलेला दांडा नेढ्यात अक्षरशः खुळखुळतो. तिथे पाचरच बदलावी लागते.

दांड्यासाठी लाकूड निवडताना सागाचा मोह टाळावा. साग टिकाऊ, वाळवीला दाद न देणारा, पण घावाचा झटका त्याला सोसत नाही, रेषेत चिरतो. धावडा, तिवस, बाभूळ ही दांड्याची लाकडे. लकडगंजच्या आरा मशीनवर यांचे तुकडे विचारून पाहावेत. मात्र ओले घेऊ नये. इंचभर जाडीला सावलीत एक वर्ष, एवढी वाळवण धरावी. तुकड्याच्या आडव्या कापावर वाढीची वलये दिसतात, ती पात्याच्या दिशेने समांतर असावीत, आणि बाजूने पाहिले तर रेषा वरपासून खालपर्यंत सलग जावी. रेषा मध्येच बाहेर पडते तिथेच दांडा मोडतो. गाठ तर नकोच.

हातोड्याचा किंवा पाचरीच्या कुऱ्हाडीचा दांडा बसवताना डोक्याला करवतीने चीर द्यावी, नेढ्याच्या खोलीच्या दोनतृतीयांश. जास्त खोल गेली तर चीर खाली उतरून दांडाच फाटतो. कमी असली तर पाचर शेवटपर्यंत जात नाही आणि नेढ्याचा खालचा भाग पोकळ राहतो. दांडा नेढ्याच्या वर तीन-चार मिलिमीटर निघू द्यावा. पाचर ठोकल्यावर तो भाग फुलतो आणि लोखंडाला वरून अडवतो. तो छाटून सपाट केला तर दिसायला छान, पण एक आधार गेला. पाचर वाळलेल्या लाकडाची. लोखंडी पाचर वापरायचीच तर त्या लाकडी पाचरीवर तिरकी, एकच. पहिल्या पावसाळ्यात तंतू थोडे चेंगरतातच, त्यामुळे पुढच्या मे महिन्यात एकदा पाचर ठोकून पाहावी. टिकाव आणि कुदळीला पाचर नसते. दांडा वरून ओवलेला असतो आणि वरचे टोक जाड असते, प्रत्येक घावाने पाते त्यावर आवळत जाते. तिथे खिळे आणि पत्र्याच्या चकत्या ठोकणे म्हणजे चांगली रचना बिघडवणे. टोक झिजले असेल तर दांडा नवा घ्यावा.

जुन्या रंध्याचा तळ वाकला असेल तर तो सरळ करताना पाते आत ओढून घ्यावे, पण पाचर ठोकलेलीच ठेवावी. पाचरीच्या दाबाने रंध्याचे अंग किंचित फाकते. ती काढून तळ घासला आणि नंतर ठोकली, की तळ पुन्हा वाकडा. जाड काचेवर १२० नंबरचा सँडपेपर चिकटवून त्यावर सारख्या दाबाने घासावे.

मुठीच्या लाकडावर मात्र सँडपेपर नको. हाताच्या घामा-तेलाने वर्षानुवर्षे आलेली चकाकी एकदा गेली की पुन्हा येत नाही. पिळून घेतलेल्या साबणी फडक्याने मळ काढावा, एक दिवस वाळू द्यावे आणि जवसाचे तेल लावावे. व्हार्निशचा थर हाताखाली घसरतो, फोड आणतो आणि पापुद्रे सुटले की त्याखाली ओल साठते. जवस आपल्याच विदर्भात पिकतो आणि त्याचे तेल हवेत घट्ट होते, हा त्याचा गुण. खोबरेल, शेंगदाण्याचे तेल सुकत नाही; चिकट राहते, धूळ धरते, खवट वास मारते. पहिला हात जवस तेल आणि टर्पेंटाइन निम्मे-निम्मे, म्हणजे ते आत मुरेल. पुढचे हात नुसत्या तेलाचे, तेही थेंबांनी. तळहाताने गरम होईपर्यंत चोळावे, वीस मिनिटांनी उरलेले सगळे पुसून टाकावे. घाण्याचे कच्चे तेल सुकायला कित्येक दिवस घेते. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे उकळलेले तेल दीड-दोन दिवसांत सुकते. हे दुसरे तेल खाण्याचे नाही, स्वयंपाकघरात ठेवू नका.

आणि त्या तेलाची फडकी! जवसाचे तेल सुकताना उष्णता सोडते. फडक्याचा बोळा करून कोपऱ्यात टाकला तर ती उष्णता कोंडून फडके आपोआप पेट घेते. काम संपले की फडकी उघड्यावर पसरून वाळवावीत किंवा पाणी भरलेल्या डब्यात बुडवावीत. यात आळस केल्याने घरे जळतात.

बंदुकीबद्दल वेगळे बोलायला हवे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार संपली, बंदुका कपाटात राहिल्या. छंद म्हणून तिच्यावर घरी करण्यासारखे काम थोडे आहे: लाकडाची निगा आणि वरचा गंज. कळ, घोडा, नळी यांची दुरुस्ती करायला शस्त्र अधिनियम १९५९ नुसार वेगळा परवाना लागतो, म्हणून ती परवानाधारक कारागिराकडेच. फर्निचरला पॉलिश करणाऱ्याकडे बंदूक ठेवून येणे हा तर गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच बंदुका ठेवता येतात, हेही वारसांनी ध्यानात घ्यावे. वारशाने हाती आली पण परवाना नाही, अशी बंदूक उजळत बसू नये. आधी पोलीस ठाणे गाठावे.

कोणतीही बंदूक भरलेलीच आहे असे धरून चालावे. भरमार, म्हणजे तोंडातून दारू ठासायच्या, बंदुकीला हे दुप्पट लागू. तिच्यात कित्येक वर्षांपूर्वी ठासलेली दारू तशीच असू शकते आणि काळी दारू कोरडी राहिली तर जुनी होऊन मरत नाही. नळीत गज घालून किती आत जातो ते मोजावे, तेच माप बाहेरून बत्तीच्या छिद्रापर्यंत लावावे. कमी भरले तर आत काही आहे असे समजावे; बंदूक तिथेच ठेवून कारागिराला बोलवावे.

नळीचा निळसर-काळा रंग हाही एक प्रकारचा ऑक्साइडच असतो. लिंबू, चिंच, व्हिनेगर लागले की तो काही मिनिटांत उतरतो. गंजाच्या ठिपक्याला तेल आणि बारीक स्टील वूल, एवढेच. दुनळीच्या दोन नळ्या मधल्या पट्टीशी मृदू डागाने (सोल्डरने) जोडलेल्या असतात. गरम क्षारात बुडवून नवा रंग देणाऱ्याकडे ती दिली तर डाग सुटतो. दस्ता अक्रोडाचा असतो आणि कळीजवळ काळा, मऊ पडलेला दिसतो, कारण बंदूक उभी ठेवल्याने तेल ओघळून लाकडात मुरते. खडूची भुकटी थिनरमध्ये कालवून तिथे लेप द्यावा, सुकला की झटकावा. पाच-सहा लेपांत बरेच तेल वर येते. पुढे बंदूक नळी खाली करून ठेवावी. दबलेल्या खुणेवर ओले सुती फडके ठेवून गरम इस्त्री टेकवली की वाफेने तंतू वर येतात. मात्र तुटलेले तंतू येत नाहीत. मुठीच्या बारीक भागात चीर असेल तर डिंक-फेविकॉलने बुजवून ती लपवू नये. दर बाराला तिथेच धक्का बसतो.

पूजेविषयी एकच विनंती. ओले हळद-कुंकू लोखंडावर दसऱ्यानंतरही तसेच राहिले, की त्याखाली ओल धरून गोल डाग पडतात. आधी तेलाचा हलका हात द्यावा, कुंकू कोरडे लावावे आणि दुसऱ्या दिवशी पुसून पुन्हा तेल द्यावे.

१८६३ पासून उभ्या असलेल्या आपल्या अजब बंगल्याने, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालयाने, आणि शहरातल्या आयटीआयने मिळून सुतारी व शेतीच्या जुन्या हत्यारांसाठी दोन दिवसांचे शिबिर घ्यावे, लोकांनी घरची हत्यारे आणावीत, जाणत्या सुतार-लोहारांनी दाखवावे, अशी आपल्या दैनिकामार्फत मागणी करतो. तारीख मे महिन्यातली असावी, म्हणजे दांडे तिथल्या तिथे बसवता येतील.

आपला,
एक वाचक, नागपूर